अण्णांना ढगळ झालेला शब्द

तोंडात टाचण्या असताना मिलिटरी अण्णा कुणाशी बोलत नसत. गिऱ्हाईक काहीही विचारो, मानेनं होय किंवा नाही, एवढंच. पण कुणी त्यांना 'वीर' म्हटलं, की एकेक टाचणी काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मी फौजेत शिंपी होतो बगा. सतरा वर्षं काज-बटणं केली." मग टाचण्या परत तोंडात. विषय संपला.

पेन्शन घेऊन आल्यावर त्यांनी कमरीपेठेत दुकान घातलं. एक मशीन, एक टेबल आणि भिंतीला टेकवलेलं बाकडं. शाळेचे गणवेश, बँकेतल्या लोकांच्या पँटी, असली साधी कामं ते करत. मी विद्यानगरच्या शाळेत शिकवायची आणि राहायला त्याच गल्लीत. अक्षर बरं म्हणून गल्लीच्या मंडळाची मानपत्रं लिहिण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलेलं.

अण्णांची एक खोड होती. जुनं गिऱ्हाईक पँट कमरेत आत घ्यायला घेऊन आलं, की ते टेप गळ्यात टाकून त्याला बाकड्यावर बसवत आणि समोरून चहा मागवत. "घरी सगळं बरं हाय न्हवं? झोप लागती काय?" माणूस अवघडून जायचा. आमच्या शेजारच्या क्लार्कला तर त्यांनी तासभर सोडलं नव्हतं. त्यानं डाएट केलं होतं, दुसरं काही नाही. गल्लीत या चौकशीची चेष्टा चालायची. "अण्णा, तुम्ही शिंपी की डॉक्टर?" असं मीही एकदा विचारलं होतं. ते हसले नाहीत, हे तेव्हा मला खटकलं होतं.

दर सव्वीस जानेवारीला मंडळ त्यांचा सत्कार करायचं. शाल, हार, फळांची करंडी आणि माझं मानपत्र. पहिल्या वर्षी मी भरपूर विशेषणं लावून 'शूर वीर' लिहिलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अण्णा कागद घेऊन माझ्या दारात.

"अक्का, एवढं काट मारा."

"का? फौजेत गेला तो वीरच," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

"मग मंजूच्या आईला बी बोलवा."

मंजू हा धारवाडच्या पलीकडच्या एका खेड्यातला मुलगा, अण्णांच्याच तुकडीत होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पँट घेऊन त्यांच्याकडे आला, कमरेत सैल होते म्हणून. अण्णांनी आत घेऊन दिली. महिन्याभरानं तीच पँट घेऊन परत आला. परत आत घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी छावणीतच मुलानं आपल्या हातानं जीव दिला. घरी त्याच्या सामानाची पेटी आली. सलामी नाही, हार नाही, गावात एक फलकसुद्धा नाही.

"दोनदा माझ्यासमोर उभा होता, अक्का. पोरगं वाळत चाललंय, हे माझ्या टेपला कळलं. मी माप घेतलं आणि 'उद्या ये' म्हणालो. विचारलं न्हाई." हातातल्या कागदाची घडी घालत ते म्हणाले, "मला वीर म्हणता, तर त्याला काय म्हणता?"

मी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं. "अक्का, आत्महत्या म्हणजे... लोकांत काय संदेश जाईल?" असं ते म्हणाले. मी वाद घालायला हवा होता. घातला नाही. दुसऱ्या दिवशी माइकवरून 'शूर वीर' मीच वाचलं, चांगल्या खणखणीत आवाजात. अण्णा खाली बघत उभे होते. त्याची लाज मला आजही वाटते.

मंजूची आई, गंगव्वा, महिन्या-दोन महिन्यांनी बसनं यायची. लेकाचे जुने शर्ट, बनियन, टॉवेल घेऊन. त्यांची कौदी, म्हणजे आपली गोधडी, शिवून हवी होती तिला, अंगावर घ्यायला. खरं तर कौदी बायका घरीच शिवतात. पण अण्णांनी ती मागून घेतली होती आणि संपवत मात्र नव्हते. एकदा पाहते तर त्यांच्या हातात कात्री आणि समोर सत्काराची शाल. मी रागावलेच. लोकांनी मानानं दिलेली शाल कापता?

"मान मोठा हाय, अक्का. मला ढगळ होतो," ते म्हणाले. "ज्याला मिळाला न्हाई, त्याच्या आईला फिट करून देतोय."

त्या कौदीत सात-आठ शाली गेल्या असतील. फक्त मंजूची ती पँट गंगव्वानं कधी आणली नाही. अण्णा प्रत्येक वेळी गाठोडं सोडताना घाबरलेले असत. तिला सांगायचं त्यांच्या मनात यायचं आणि टाचण्या तोंडातच राहायच्या. शेवटच्या आजारात मला म्हणाले, "मी गेल्यावर तुम्ही सांगा. माझ्यानं झालं न्हाई."

गेल्या थंडीत अण्णा गेले. चौकात मोठा फ्लेक्स लागला. बंदूक घेतलेल्या कुणा जवानाच्या धडावर अण्णांचा चेहरा, आणि वर कन्नडमध्ये 'वीर योध'. गळ्यात टेप नसलेले अण्णा मला ओळखूच येईनात.

तिसऱ्या दिवशी गंगव्वा आली. तिला वाचता येत नाही. "एन बरदार री, अक्का?" काय लिहिलंय, म्हणून तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"असू दे," ती कन्नडमध्ये म्हणाली. "माझ्या मंजूचं कुणी लिहिलं नाही." तक्रार नव्हती त्यात. आज ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाली.

मग तिथंच उभ्या उभ्या मी तिला सगळं सांगितलं. पँट, दोन वेळा घेतलेलं माप, न विचारलेला प्रश्न.  गंगव्वा फ्लेक्सकडेच बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पेटीत ती पँट होती. कमरेत आतून शिवण होती, तिच्या आत आणखी एक. अण्णा कौदी शिवायला लागले, तेव्हा त्यांचा टाका ओळखू आला." तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हणूनच ती कौदीत दिली नाही. दोनदा कुणीतरी माझ्या लेकराच्या कमरेला हात लावून बघितलं होतं, अक्का. तेवढंच माझ्याकडे होतं."

इतकी वर्षं ती दोघं त्या दुकानात समोरासमोर बसली. तिनं बोलायला हवं होतं, त्यांनी बोलायला हवं होतं. अण्णा मात्र तिचं हे बोलणं ऐकल्यावाचूनच गेले, आणि ज्यांना मी ते सांगावं, ते आता उरले नाहीत.