हाताची घडी सोडा

प्रिय इरा आणि ओम,

तुमच्या शाळेने ‘शाळेबद्दल तुम्हाला काय वाटतं’ असा फॉर्म भरायला दिला. तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, तू हेडमिस्ट्रेस असताना मुलांना असं विचारायचीस का? मी विषय बदलला. खरं म्हणजे एकदाच विचारलं गेलं, तेही माझ्याकडून नव्हे. त्या दिवशीच्या मोठ्या माणसांपैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

समाजकल्याणचे साहेब माझ्या ऑफिसात बसले होते. त्यांच्या फाइलमध्ये आमचं वसतिगृह बंद करण्याचा आदेश टाइप होऊन तयार होता, फक्त सही बाकी होती. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. ऑफिस नवं, साहेब नवे, दुष्काळ मात्र जुनाच. आमच्या विहिरीने तळ गाठला होता आणि टँकर तीन-तीन दिवसांनी यायचा. जिथे पाणी नाही तिथली मुलं घरी पाठवा, असं वरून आलं होतं.

आमची सगळी मुलं कर्णबधिर होती. निलंगा, किल्लारी, एक तर थेट किनवटचा. त्यातही मुलगी मध्येच घरी गेली की परत येत नाही, हे मी पाहिलेलं होतं.

साहेब म्हणाले, “मुलांचं म्हणणं काय? अहवालात तसा कॉलम आहे.”

तो कॉलम मी नेहमी स्वतःच भरायची. या वेळी मोठ्या वर्गाला कागद दिले. बारा जणांनी भराभर लिहिलं. मला बरं वाटलं. साहेबांनी एक कागद वाचला, दुसरा वाचला, मग दोन्ही माझ्यापुढे सरकवले. आम्ही घोटून घेतलेला ‘माझी शाळा’ हा निबंध सगळ्यांनी उतरवला होता. माझी शाळा सुंदर आहे. आमच्या बाई प्रेमळ आहेत.

“आणि विहिरीला भरपूर पाणी आहे,” साहेबांनी पुढची ओळ वाचून दाखवली. “मग मी कशाला आलोय?”

त्यांनी विचारलं, ही मुलं आपसात कशी बोलतात? आमच्या वर्गात खुणांना बंदी होती. मी मुंबईत ट्रेनिंग घेतलं होतं, सगळं इंग्रजीतून. मुलांनी ओठवाचन करायचं, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ पाहून शब्द ओळखायचे. खुणा केल्या तर मूल बोलायला शिकत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. तुमच्या आईच्या शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ असायचं. आमच्याकडे पहिलं अर्धंच पुरे व्हायचं.

पण स्वयंपाकघरात खुणा चालतात, हे मला माहीत होतं. गंगामावशी आमची स्वयंपाकीण, निलंग्याची, अंगठेबहाद्दर. तिला मुलांची प्रत्येक खूण यायची. साहेबांना घेऊन मी मोठ्या वर्गात गेले आणि तिला बोलावलं. ती हाताचं पीठ पदराला पुसत आली.

तिने साहेबांचा प्रश्न खुणांनी विचारला, पण मुलं हलेनात. सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हाताची घडी सोडा. तरी कोणी सोडेना. शेवटी मी माझेच हात त्यांच्यासमोर उघडून दाखवले. त्या शाळेत मी केलेली ती पहिली खूण.

आधी उठली शोभा, किल्लारीकडची, चौदा वर्षांची. मावशी सांगू लागली, “ती म्हणायलीय, धूळ उडती म्हणून बाई तोंडाला पदर लावत्यात. मग आमी बघावं काय? आन् वरून ध्यान न्हाई म्हणून हातावर पट्टी.”

एका मुलाने नाकाखाली दोन बोटं ठेवून हलवली. वर्ग हसला. “ड्रॉइंगच्या सरांची मिशीच बोलती म्हणं. व्हट दिसतच न्हाईत.” साहेबांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला.

ते भराभर लिहीत होते. एवढं ऐकून वसतिगृह कोण चालू ठेवील? साहेबांनी पुढचा प्रश्न केला, मग घरी जायला आवडेल का?

शोभाचे हात आता सावकाश चालले. मावशी मध्येच थांबली. साहेब म्हणाले, सांगा.

“घरी कुणी काई सांगत न्हाई म्हणती. आजी मेली तवा ही हितं होती. सुट्टीत घरी गेली तर आजीची वाकळ दुसऱ्याच्या अंगावर. तवा कळलं. हितं सांजच्याला समद्या पोरी बोलत बसत्यात. पानी दिसाला एक तांब्या द्या म्हणती. वर्ग बंद करायचा तर करा, साहेब. बोर्डिंग नगा करू.”

साहेबांनी तो आदेश बिनसहीचा फाइलमध्ये परत ठेवला. टँकर एक दिवसाआड पाठवतो म्हणाले, आणि पाठवलाही. कॉलममध्ये त्यांनी लिहिलं: वसतिगृह हवे आहे. वर्गात फारसे समजत नाही. त्याखाली मला सही करावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून पदर तोंडावरून खाली आले. ड्रॉइंगच्या सरांनी आठवडाभर रुसून मग मिशी काढली. हाताची घडी मात्र मी आणखी बरीच वर्षं चालू ठेवली. तसंच शिकले होते, आणि शिकलेलं सोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मुलांना काही विचारायचं असेल तर त्यांची भाषा येणारं माणूस आधी शोधावं. ते बहुतेक वेळा हजेरीपटात सगळ्यांत खाली असतं.

गंगामावशी गेली. साहेबही गेले. वर्गांची इमारत पाडून तिथे दुकानं झाली आहेत. बोर्डिंग अजून चालू आहे.

तुमची,
आजी