हसा, वहिनी

काल लेकीबरोबर दुबईतल्या ‘बर दुबई’ भागात जुन्या गल्लीतून चालताना एका दारातून ऊदाचा धूर आला आणि मला माझी मोठी जाऊ आठवली.

तेव्हा ती पुण्याहून पहिल्यांदाच आली होती. "सगळं चालत बघण्यासारखं आहे," हे म्हणाले, म्हणून भर उन्हात निघालो. किल्ल्यापाशी तिने आपला रोलचा कॅमेरा माझ्या हातात दिला. एका फोटोत मीही उभी राहायला गेले, तर म्हणाली, "तू कशाला गं? तू तर रोजच बघतेस."

रोज! दोन वर्षं मी शारजाच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत होते. तो किल्ला मीही पहिल्यांदाच बघत होते.

माझ्या वडिलांकडे तसाच कॅमेरा होता. रोल पुढे सरकला की वरची चकती फिरते. इथे ती फिरतच नव्हती, म्हणजे रोल आत नीट बसलाच नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तिला जुन्या घरांवरच्या, वारा आत घेणाऱ्या मनोऱ्यांखाली उभं केलं, कापडबाजारात उभं केलं, खाडीकाठी नेऊन सूर्याकडे तोंड करायला लावलं. पैठणी घामाने चिंब झाली. "हसा, वहिनी. अजून एक."

ती अजून फोनवर हळहळते, "त्या दिवसाचा एकही फोटो नाही गं." वाटलं होतं, वय झाल्यावर मला वाईट वाटेल.

काल त्याच मनोऱ्याखाली लेकीने मोबाइल धरला. "मम्मा, स्माइल!"

मी आधीपासूनच हसत होते.