न उतरवलेल्या बांगड्या

आज दुपारी माझ्या टपरीवर एक बाई आली. मनगटात अडकलेली काचेची बांगडी पुढे करून म्हणाली, "ताई, फोडून टाका ही. निघतच नाही." मी म्हटलं, "अहो, फोडायची कशाला?" साबणाचं पाणी लावलं, अंगठ्याखालचं मांस हलकेच आत दाबलं आणि बांगडी उतरवून तिच्या तळहातावर ठेवली. "अगंबाई, दुखलंसुद्धा नाही!" म्हणत ती हसत निघून गेली. मी मात्र ओल्या हातांना येणारा साबणाचा वास घेत तशीच बसून राहिले. आयुष्यात एकदाच करायचं एखादं काम ज्यांच्या हातून राहून गेलं असेल, त्यांना हे बसून राहणं कळेल.

माझे अब्बा मणियार होते. सायकलला बांगड्यांची पेटी बांधून विश्रांतवाडीहून नदीपलीकडच्या गावांत हिंडायचे. धायरी तेव्हा गावच होतं. परक्या पुरुषाने सुनांचे हात हातात घ्यावेत आणि घरच्या म्हाताऱ्यांनी समोर बसून निवांत तंबाखू मळावी, हा मान फक्त बांगडीवाल्याचा. माझी आई तिथल्याच एका शेतकरी घरातली. तिने अब्बांशी लग्न केलं आणि ती सायकल पुन्हा त्या वेशीच्या आत गेली नाही. अब्बांच्या घरच्यांनीही दाराशी तुळस लावणारी ही सून कधी आपली म्हटली नाही. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा आई दोन्हीकडे पाठवायची, आणि दोन्हीकडून डबे झाकण न उघडताच परत यायचे. ते आम्हीच खायचो. शीरखुर्मा तोवर घट्ट झालेला असायचा.

तरीही आमच्या एका खोलीत आनंद होता, हे लिहायला हवं. दर संक्रांतीला अब्बा पहिला हात आईचा भरायचे. आई गिऱ्हाइकासारखी पदर सावरून उलट्या खोक्यावर बसायची. "बाई, हात राठ झालेत. जरा कामं सांगा दादल्याला," अब्बा म्हणायचे. "दादला कुठला घरात सापडायला! गावभर बायकांचे हात धरत हिंडतो," आई म्हणायची. शेवटची बांगडी चढली की ती अब्बांना रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करायची आणि अब्बा दुसरीकडे बघायचे, त्यांचे डोळे भरलेले असायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती याच पेटीपाशी बसण्यासाठी. हात कसा धरायचा, हाड कुठे नमतं, भरलेली बांगडी न फोडता कशी उतरवायची, हे सारं मी अब्बांकडून शिकले. बांगडी फुटली असं ते चुकूनही म्हणत नसत. वाढवली म्हणत.

एक गोष्ट मात्र मला त्या घरात शिकता आली नाही. आईच्या माहेरच्या लग्नात आम्ही मायलेकी मांडवाबाहेर उभ्या असायचो, अब्बांकडच्या निकाहात सगळ्यांच्या मागे. कोण कुठे उभं राहा म्हणतं, याची वाट बघायची, तोवर हलायचं नाही, एवढंच माझ्या अंगी मुरलं. कुठल्याच रिवाजात मी आपण होऊन पुढे झाले नाही. चार माणसांत माझा आवाज आजही फुटत नाही.

अब्बांना दफनाला नेलं त्या दुपारी घर बायकांनी भरलं होतं. इतक्या वर्षांत ज्यांनी आमची पायरी चढली नव्हती, ती दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एका सतरंजीवर बसली होती. अब्बांची बहीण म्हणाली, "भाभी, चुड्या उतारो. इद्दत में नै चलते." इद्दत म्हणजे नवऱ्यामागे बाईने पाळायचे दिवस. आईची थोरली बहीण, माझी मावशी, लगेच म्हणाली, "आमच्यातबी तसंच हाय. मोकळ्या हातानंच बसायचं आसतंय." जन्मभर कशावरच न जुळलेल्या त्या दोन घरांचं आईचे हात रिते करण्यावर मात्र क्षणात एकमत झालं. त्या बांगड्या अब्बांनी त्याच वर्षीच्या संक्रांतीला भरल्या होत्या. आईने दोन्ही हात माझ्याकडे केले आणि हळूच म्हणाली, "तू काढ. फोडू देऊ नको."

साबण मोरीत होता. चार पावलांवर. सगळ्यांचे डोळे माझ्यावर वळले आणि मला वाटलं, मी उठले तर कुणाची म्हणून उठू? कुणाचा रिवाज मोडेल? कुणीतरी "जा" म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले. तेवढ्यात मावशीने आईची मनगटं धरून उंबऱ्यावर आपटली. एका काचेने कातडी चिरली. आई माझ्याकडे बघतही नव्हती. नंतर ओणवी होऊन तिने एकेक तुकडा स्वतः वेचला आणि पदरात बांधला.

काळ सगळं बुजवतो, असं म्हणतात. मनगटावरची जखम आठवड्यात बुजली, तेवढंच खरं. त्यानंतर आई माझ्यापाशी अकरा वर्षं राहिली. मला कधी बोलली नाही, रागावली नाही. मी किती वेळा वाट पाहिली की तिने एकदा तरी मला टाकून बोलावं. पण तिने पुन्हा मला कुठलंही काम सांगितलं नाही. पाणी हवं असलं तर भिंत धरून स्वतः उठायची. शेवटच्या आजारात उठवेना, तेव्हा तांब्याकडे बघत पडून राहायची. मी उशाशीच बसलेली असायची. तिने हाक मारली नाही.