हळदीकुंकवात विकलेलं घर

ह्यांना नाशकात नवी नोकरी लागली आणि ते पुढे गेले. मी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन बदलापुरातच मागे राहिले, कारण घर विकायचं होतं. मांजर्लीला नदीच्या अंगाला आमचं चार खोल्यांचं कौलारू घर होतं, स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी बांधलेलं. "महिन्याभरात गिऱ्हाईक मिळेल, दलालाला सांगून ठेवलंय," असं सांगून हे गेले. तेव्हा माझं वय सव्वीस होतं. घर विकणं म्हणजे काय असतं, हे मला बापजन्मी ठाऊक नव्हतं.

दलाल कुळगावचा, डोक्यावर काळी टोपी, हातात कायम छत्री. तो वेळकाळ न बघता माणसं घेऊन यायचा. मुलीला न्हाऊ घालत असले की ओटीवरून हाक, "वहिनी, पार्टी आलीय!" भाकऱ्या थापत असले की पुन्हा पार्टी. ती माणसं भिंतीवर टिचक्या मारायची, आढ्याकडे बघायची, एखादा तर पान खाऊन तुळशीच्या कडेला पिंक टाकायचा आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून जायचा. घरी विचारायला गेलेला एकही माणूस परत आला नाही.

असे दहा-बाराजण येऊन गेल्यावर एक दिवस मी दलालाला म्हटलं, "हे सगळे घरी विचारतो म्हणतात, तर मग ज्यांना विचारायचं त्यांनाच का नाही घेऊन येत?"

"बायकांना? बायका घर बघायला कुठे येतात वहिनी!"

"हळदीकुंकवाला तर येतात ना?"

चैत्र चालू होता. चैत्रगौर मी दरवर्षी बसवायची आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलवायची. मनात आलं, ज्यांना ज्यांना घर हवंय त्यांच्या घरातल्या बायकांना एकाच दिवशी बोलवावं. डाळ खातील, पन्हं पितील, घर बघतील. दलालाने छत्री दोनदा जमिनीवर आपटली. "वहिनी, हा बाजार आहे, हळदीकुंकू नव्हे. आणि गिऱ्हाइकं एकमेकांना भेटली तर सौदा फिसकटतो." मी म्हटलं, "आत्तापर्यंत भेटली नाहीत, तर कुठे जमला?" तो छत्री उचलून घराच्या किमतीसकट निरोप द्यायला गेला.

मग आठ दिवस मी आणि शेजारच्या काकू पदर खोचून कामाला लागलो. काकू पन्नाशीच्या, मनाने मोकळ्या आणि तोंडाने त्याहून मोकळ्या. भिंतींना चुन्याचा हात दिला. अंगण सारवलं. कौलं चाळायची वेळ अजून आली नव्हती, तरी चाळून घेतली. डोंगरातल्या वाडीवरून एक बाई कैऱ्या विकायला यायची, तिने पळसाच्या पानांचे द्रोण लावून दिले. मधल्या खोलीत गौर झोपाळ्यात बसवली. जड सामान मी मुद्दाम काकूंकडे हलवलं आणि खोल्या अशा मोठ्या दिसायला लागल्या, की मलाच वाटलं, एवढं घर सोडून आपण नाशकात दोन खोल्यांत कशाला चाललोय!

ह्यांना पत्राने सगळं कळवलं. उत्तर आलं, "तुला जे सुचेल ते कर. फक्त पुराचं आपण होऊन काढू नकोस."

हे पुराचं प्रकरण खरं होतं. मोठ्या पावसात नदीचं पाणी अंगणात यायचं. घराचं जोतं उंच होतं, सहा पायऱ्या होत्या, त्यामुळे घरात कधी थेंब आला नाही. पण अंगणात नदी म्हणजे नदीच. मी ठरवलं, कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर देवाची इच्छा.

त्या दुपारी वीसेक बायका आल्या. त्यातल्या घर बघायला आलेल्या तिघी. एक दादरची, नवरा बँकेत, तिला मुंबईच्या दगदगीतून हवापालटाला घर हवं होतं. दुसरी अंबरनाथच्या एका मास्तरांची बायको, फार गरीब स्वभावाची, प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणणारी. आणि तिसरी कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी बाई. तिच्या नवऱ्याचं कॅम्पात कापडाचं दुकान होतं आणि ती स्वतः पापड करून विकायची. उंचपुरी, पायघोळ सलवार, डोक्यावर ओढणी. तिला चैत्रगौर ठाऊक नव्हती, पण मी कुंकू लावायला गेले तशी तिने कपाळ पुढे केलं आणि भिजवलेले हरभरे घ्यायला ओढणी पसरली. आंब्याची डाळ चाखून म्हणाली, "मिर्ची कम है." काकूंना ते फार लागलं, डाळ त्यांनी वाटली होती.

दादरच्या बाईंनी भिंतीतली कपाटं उघडली, मोरीत डोकावून बघितलं, माळ्यावर काय आहे ते विचारलं. मास्तरीणबाई मागून "छान आहे" म्हणत होत्या. सिंधी बाई मात्र मागच्या खोलीच्या दारापाशी थांबली. दार हलवून बघितलं, कडी बघितली.

"ये अंदर से बंद होता है?"

"हो, होतं की," मी म्हटलं.

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्या बाहेर उभ्या. बराच वेळ झाला.

"आत अडकली की काय गं?" काकू कुजबुजल्या.

मी दार वाजवणार, तोच कडी निघाली. ती बाहेर आली आणि ओढणी नीट करत म्हणाली, "बराक में बोरी का पर्दा है, बहन. उधर दूसरा घर, इधर हमारा घर. आठ साल से दरवाज़ा बंद नहीं किया."

मी तिला आणखी पन्हं दिलं.

आणि नेमकं तेव्हा दादरच्या बाईंनी विचारलं, "पाण्याचं कसं आहे हो? विहीर उन्हाळ्यात आटत नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत काकू अभिमानाने म्हणाल्या, "आटतेय कसली! आणि पावसाळ्यात तर काय विचारता, नदीच अंगणात येते!"

काकूंनी जीभ चावली. पण आता लपवायचं कशाला? मी सगळ्यांना बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेले आणि दाखवलं. "गेल्या सात वर्षांत पाणी एकदाच या चौथ्या पायरीपर्यंत आलंय. पाचवीवर कधी नाही. दोन दिवस राहतं, मग चिखल काढावा लागतो. खोटं सांगत नाही."

दादरच्या बाईंनी पदर सावरला, गाडीची वेळ झाली म्हणाल्या आणि गेल्या. मास्तरीणबाई पायऱ्यांकडे बघत राहिल्या. या वेळी त्या काही छान म्हणाल्या नाहीत.

सिंधी बाई चौथ्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिथून झाडांमधून नदी दिसायची, चैत्रातली, बारीक झालेली.

"हमारे गाँव में भी दरिया आता था," ती म्हणाली. "हर साल आता था, चला जाता था. हम पानी के डर से नहीं निकले थे."

मग तिने कमरेच्या बटव्यातून विसार म्हणून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "पक्का."

"अहो, पण तुमच्या घरच्यांना विचारायला नको?"

"उनको मैं समझा लूँगी."

काकूंनी घाईघाईने आतून नारळ आणला आणि तिची ओटी भरली. डाळीचा राग तेवढ्यात निघून गेला होता. संध्याकाळी दलाल आणखी दोघांना घेऊन आला, तेव्हा मी उष्टे द्रोण गोळा करत होते. घर गेलं म्हटल्यावर त्याला आधी पटेना. मग म्हणाला, "वहिनी, माझी दलाली?" मी म्हटलं, "मिळेल की. बसा, पन्हं घ्या."

खरेदीखताच्या दिवशी हे नाशकाहून परस्पर कल्याणच्या कचेरीत आले. तिथे कापडदुकानदारही आला होता, ठेंगणा, अबोल माणूस. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघेही ओशाळे हसले, कारण सौदा कसा झाला ते दोघांनाही पुरतं माहीत नव्हतं. सह्या झाल्यावर तो ह्यांना हळूच म्हणाला, "सेठ, मकान कैसा है? मैंने अभी देखा नहीं."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "चला, सगळेच जाऊ. दाखवते."