फोटोच्या कडेची म्हातारी

ती घटना आठवली नाही असा आठवडा जात नाही. उघडकीस आणलेल्या मोठ्या गुन्ह्यांची प्रशस्तिपत्रं घरात भिंतीवर आहेत. हा मात्र साधा तक्रारी अर्ज होता. तो मी खोट्याने निकाली काढला.

तेव्हा मी पालघर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सुकी मासळी ऑनलाइन विकणारा बोईसरचा एक व्यापारी अर्ज घेऊन आला. पालघरजवळच्या माहीमकडची एक बाई आपले फोटो चोरून मोबाईलवर दुकान चालवते, कॉपीराइटखाली कारवाई करा, असं त्याचं म्हणणं. दोघांच्या फोटोंच्या रंगीत प्रती जोडल्या होत्या: बांबूंवर वाळत घातलेले बोंबील.

"साहेब, माझ्या फोटोवर दुकानाचं नाव आहे. तिच्या आहे का?"

नव्हतं. मला तेवढं पुरलं. बाईला बोलावून तिचा मोबाईल मी पंचनामा न करताच कपाटात ठेवला आणि चहाला आलेल्या बातमीदाराला सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली.

त्याच दिवशी ती पुन्हा आली, सासूला घेऊन. म्हातारी बाहेर बाकावर बसली.

"फोटो माजेच हायेत, साहेब. आमच्या अंगनातलं."

"मग नाव का नाही टाकलंस?"

"घरच्या बोंबलावर नाव कशाला घालू? मोबाईल तुमच्याकडंच हाय, उघडून बगा. ऑर्डरी येतात त्याच्यावर."

मी आवाज चढवला. ती गप्प झाली. समोरचा गप्प झाला की आम्ही त्याला कबुली समजतो.

तेवढ्यात आमच्या महिला हवालदाराने दोन्ही प्रती माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. "सर, हिच्या फोटोत डावीकडे म्हातारी बसलीय. व्यापाऱ्याच्या फोटोत म्हातारीचं नुसतं कोपर आहे. त्याने फोटो कापलाय. कापलेला फोटो चोरून हिला अख्खी म्हातारी कुठून मिळेल?" मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "आणि म्हातारी तर आपल्याच बाकावर पान खातेय."

मी पाहिलं. कपाळावरचं गोंदणसुद्धा तेच.

तपास तिथेच संपायला हवा होता. पण बातमीचं कात्रण पाहून वरिष्ठांनी शाबासकी दिली होती आणि मोबाईल विनापंचनामा कपाटात होता. चूक मान्य केली तर खुलासा मला द्यावा लागणार होता. "तुम्ही तुमचं रजिस्टर सांभाळा," असं मी त्या महिला हवालदाराला सुनावलं आणि बाईसमोर कोरा कागद ठेवला. माफीनामा लिही, फोटो पूस, मोबाईल घेऊन जा.

वाक्य मीच सांगितलं: हे फोटो माझे नाहीत. ती शेवटच्या शब्दाशी अडली.

"नाहीत कसं लिवू, साहेब?"

"लिही."

तिने लिहिलं. मोबाईलमधले फोटो माझ्यासमोर एकेक करून पुसले. बाहेरून म्हातारी विचारत होती, "मिलाला का गो फोन?"

तो माफीनामा दाखवून व्यापाऱ्याने तिचं ऑनलाइन दुकान बंद पाडलं.

निवृत्तीनंतर ती मला पालघरच्या बाजारात दिसली. कुणी गिऱ्हाईक मोबाईल काढत होतं. तिने टोपलीवर फडकं ओढलं. "मासली घ्या. फोटो नाय काडायचा." मग तिची नजर माझ्याकडे वळली. तिने ओळखलं. "बोंबील देऊ, साहेब?"

मी सासूबाईंची चौकशी केली.

"गेली ती. तिचा त्यो एकच फोटो होता. आता तुमच्या फायलीत असंल."

दुसऱ्याच दिवशी मी ठाण्यात गेलो. निकाली अर्जांची जुनी कागदपत्रं मुदत संपल्यावर नष्ट केली होती. तिथल्या आताच्या अधिकाऱ्याने चहा मागवला, मी न पिताच उठलो.

फोटोवरचं नाव वाचलं की माणूस चित्र पाहायचं सोडतो, हे मी या प्रकरणात शिकलो. पण माझी चूक न पाहण्याची नव्हती. मी पाहिलं होतं. बाकावर पाहिलं होतं.

म्हणून आता माझा जबाब लिहून ठेवतो. ते फोटो तिचे होते. कडेला बसलेली ती तिची सासू होती.