भात सोडून बंगलोरला

गाडीने पुणं सोडलं तशी समोरच्या बाकावरच्या बाईंनी पुरी-भाजीचा डबा उघडला आणि रीतीप्रमाणे आधी माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं आणि पिशवीतून उकडलेलं रताळं काढलं. "उपास वाटतं," बाई समजूतदारपणे म्हणाल्या. मग मी दोन उकडलेली अंडी काढली. बाईंनी डबा मिटला आणि दौंड येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्यांचा काही दोष नव्हता. मी तेव्हा आदिमानवाचा आहार करत होते. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, असली खुळं अजून घरोघरी पोचायची होती. आमच्या सोसायटीत भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहायचे, त्यांना सगळे गुहावाले काका म्हणत. त्यांचं म्हणणं असं की माणूस लाखो वर्षं जे तोडलं, खणलं आणि मारलं तेच खात आला. शेती कालपरवाची, आपल्या पोटाची अजून तिच्याशी नीट ओळखसुद्धा नाही. तेव्हा धान्य बंद, डाळी बंद, दूध, साखर, चहा बंद. फळं, कंद, सुकामेवा, अंडी, मटण-मासे चालू. मी शाळेत शास्त्र शिकवते. पित्ताने हैराण झाले होते, म्हटलं, करून बघू. पित्त गेलं. आणि पाठोपाठ, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, मला दिवस गेले.

याआधी एकदा राहिलं होतं, ते दुसरा महिना सरता सरता गेलं. आताही दुसराच महिना होता. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आहाराचा आणि याचा संबंध लावू नका. सगळं थोडं थोडं खा." मी मान डोलावली आणि बाहेर पडता पडता मनाशी ठरवून टाकलं, मूल हातात येईपर्यंत भाताचं शीतही तोंडात घालायचं नाही. नवस बोलणाऱ्या बायकांना मी तोवर हसत आले होते.

प्रवासाला मात्र डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने नव्या मशीनचं शिक्षण घ्यायला बंगलोरला पाठवलं होतं. मला दिवाळीची सुट्टी होती आणि एकटीला मागे ठेवायची त्याची छाती नव्हती. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, या रीतीला धरून आम्ही दोघं तोंडं मिटून गाडीत बसलो होतो.

बंगलोरला सकाळी उतरलो तर चक्क थंडी. हमाल स्वेटर घालून फिरत होते. रिक्षावाल्याशी श्रीकांतने हिंदीत भाव करायचा प्रयत्न केला. तो नुसता "मीटर, सार, मीटर" म्हणत होता. रिक्षावाला आपण होऊन मीटर टाकतोय यावर श्रीकांतचा विश्वासच बसेना, त्यामुळे तो उतरेपर्यंत अस्वस्थ होता. वाटेत कोपऱ्याकोपऱ्यावर लोक उभ्याउभ्या इडली खात होते. ताज्या कॉफीचा वास आला, की मी पदर नाकाला लावायची. मळमळत होतं म्हणून नव्हे, मोह होत होता म्हणून.

आम्ही उतरणार होतो चामराजपेटेत, अण्णांकडे. अण्णा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे तरुणपणीचे मित्र. शिवणकाम शिकायला ते एक वर्ष पुण्यात सासऱ्यांच्या घरी राहिले होते, आणि "त्या घरचं मीठ फेडायचं आहे" असं दर पत्रात लिहायचे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं ते इथलंच झालं. अण्णा आता फौजेऐवजी बँडवाल्यांचे आणि पहारेकऱ्यांचे गणवेश शिवतात. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड शब्द इतके बेमालूम मिसळलेले, की आपण अर्ध्या वाक्यापर्यंत हो-हो करतो आणि मग अडखळतो.

"या की, या की! स्वल्प (थोडं) बसा, कॉफी आणते," असं म्हणत अण्णांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांना सारी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणू लागले. ठेंगण्या, चटपटीत, वेणीत अबोलीचा गजरा. तासाभरात त्यांनी पानं मांडली. केळीच्या पानावर वाफाळता भात आणि त्यावर सारु (आपल्या आमटीचं पातळ, तिखट भावंड). तिकडे भाताला अन्नच म्हणतात.

"मला भात नको, अक्का," मी म्हटलं. "चपातीही नको. डाळही नको."

"अन्न नको म्हणजे? मग काय खातीस?"

मी आदिमानवापासून सुरुवात करणार, एवढ्यात श्रीकांत म्हणाला, "तिचा उपास असतो. मोठा आहे, बरेच महिने चालायचा."

पुण्यापासून त्या गुहेची गोष्ट सांगून मी थकले होते, तेव्हा गप्प बसले. अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं, सहा म्हटल्यावर पुन्हा पाहिलं आणि माझ्यापुढचं भाताचं पान हळूच बाजूला घेतलं. मूल व्हावं म्हणून मी अन्न सोडलंय, असं त्यांनी धरलं होतं. "सरी (बरं), पुट्टी (छोटे). कशासाठी ते सांगू नको. व्रत बोलायचं नसतं."

असे माझे बंगलोरचे दिवस सुरू झाले. श्रीकांत कारखान्यात गेला, की अक्का मला गाव दाखवायच्या. लालबागेतल्या जुन्या खडकावर आम्ही चढलो. या खडकाचं वय गुहावाल्या काकांना विचारायला हवं, असं मनात आलं. एका फळवाल्याकडे मला बेण्णे हण्णु (लोण्याचं फळ) सापडलं. हिरव्या सालीचं, आतून मऊ आणि स्निग्ध, पुण्यात तेव्हा कुणी पाहिलेलंही नव्हतं. मी त्यात मीठ-मिरची घालून चमच्याने खाल्लं, तर फळवाला कळवळून म्हणाला, "साखर, अम्मा, साखर! दूध!" त्याच्या डोळ्यांदेखत मी त्याच्या फळाचा अपमान केला होता.

घरी पंगत बसली, की अक्का सगळ्यांना वाढायच्या, मला फळं कापून द्यायच्या, रताळी भाजून द्यायच्या. "तुम्ही बसा की," म्हटलं तर म्हणायच्या, "मागून बसते."

आता व्रत म्हटल्यावर अंडी कशी मागणार? नुसत्या फळांवर माझं भागेना. तेव्हा श्रीकांतने एका संध्याकाळी मला गुपचूप बंगलोरच्या शिवाजीनगरला नेलं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भट्ट्या धगधगत होत्या. एका लहानशा खानावळीत आम्ही सीख कबाब मागवले.

"परोटा कितने?" वाढप्याने विचारलं.

"परोटा नको. नुसते कबाब."

"परोटा नक्को? रोटी बी नक्को? चावल?" त्याने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही भांडून आलोय. तरीही त्याने दोन परोटे आणून ठेवलेच, "ऐसेच रखो" म्हणून.

मी पहिला कबाब तोंडात घातला आणि वर पाहिलं, तर समोर गणवेशाच्या सोनेरी बटणांची पुडी हातात धरून अण्णा उभे. अण्णांचं दुकान शिवाजीनगरलाच आहे, हे आम्ही साफ विसरलो होतो. श्रीकांतच्या हातातला कबाब वाटेतच थांबला. अण्णा वाढप्याकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी बोलले. नंतर कळलं, की उपाशी पोटाला बाधू नये म्हणून त्यांनी पुढच्या कबाबांत मसाला कमी घालायला सांगितलं होतं. "जपून खा," एवढंच आम्हाला म्हणून ते गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी मात्र अक्कांनी रोजच्यासारखी फळं कापून दिली.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. कबाबाच्या नुसत्या आठवणीने पोट ढवळायचं. अंडं नको, बदाम नको, लोण्याचं फळही नको. पाणीसुद्धा ठरेना. आणि गंमत अशी, की स्वयंपाकघरातून भाताला उकळी आल्याचा वास आला की तेवढंच बरं वाटायचं. मी दारात उभी राहून तो वास घ्यायची आणि परत खोलीत जायची. मला भीती वाटत होती. भात खाल्ला आणि मागच्यासारखं झालं तर? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला, की शास्त्राची शिक्षिका कुठल्या कुठे पळून जायची.

तिसऱ्या सकाळी अक्का मला मोठ्या मार्केटात फुलं घ्यायला घेऊन गेल्या, मोकळ्या हवेत बरं वाटेल म्हणून. शेवंतीचे ढीग, मल्लिगेच्या (मोगऱ्याच्या) माळा, त्या हाताच्या मापाने मोजून देणाऱ्या बायका. मी म्हणाले, "किती सुंदर," आणि नंतरचं मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी शेवंतीच्या ढिगात बसले होते आणि फुलवाली माझ्या तोंडावर पाणी मारत होती. उठल्याबरोबर मी आधी पोटावर हात ठेवला. तो अक्कांनी पाहिला की नाही, कोण जाणे.

त्यांनी रिक्षा केली ती थेट चामराजपेटेतल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे. वयस्कर बाई, करड्या आवाजाच्या. "काय खाता?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"अन्न सोडलंय तिनं," माझ्याआधी अक्काच बोलल्या. "मुलासाठी व्रत आहे."

"व्रत नाही," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. "मला दिवस गेलेत. दुसरा महिना आहे."

अक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या, तो हात तसाच राहिला. मग मी हुंदके देत सगळंच सांगितलं, आदिमानव, अंडी, कबाब, आधीचं गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्तदाब पाहिला, तपासलं. "अजून तरी काळजीचं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण अंगातलं पाणी कमी झालंय आणि उपाशी राहून चालणार नाही. काय खावंसं वाटतं?"

"भात," मी म्हणाले. "पण हा आहार केला म्हणूनच हे राहिलं. आता भात खाल्ला आणि…"

"हे कबाबानं आलेलं नाही आणि भातानं जाणारही नाही. आज जे पोटात राहील ते खा. काही दुखलं-खुपलं तर लगेच या."

घरी आल्याबरोबर अक्का थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मला वाटलं, रागावल्या. पंधरा मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. जेवायला घरी आलेले अण्णा दारात चपला काढत होते. अक्कांनी दोन पानं शेजारी शेजारी मांडली, दोन्हींवर भात वाढला, वर सारु घातला आणि पदर खोचून एका पानावर स्वतः बसल्या.

"आइतु (झालं) का व्रत?" अण्णा खुशीत म्हणाले. "बरं झालं देवा! तू आल्यापासून हिनंही अन्न शिवलं नाही गं. दोन केळी आणि दूध, एवढ्यावर घर रेटत होती."

मी अक्कांकडे पाहिलं. "का?"

"घरात पाहुणी व्रत करते, तर घरच्या एकीनं सोबत करायची. आमच्यात असतं तसं."

"पण माझं व्रत नव्हतंच. आणि कबाब… अण्णांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं की. मी म्हटलं, व्रत तिचं, नेम तिचे." त्यांनी भात कालवला. "तू कबाब खाल्लास. अन्न कुठं खाल्लंस?"

त्या घास हातात धरून थांबल्या होत्या. मी खाल्ल्याशिवाय त्या खाणार नव्हत्या. मला पुन्हा रडू आलं. मी भात कालवला, घास उचलला, घाबरत घाबरत तोंडात घातला. गरम होता, मिऱ्याचा ठसका लागला. मी गिळला. मग त्यांनी खाल्ला. माझा भात पोटात राहिला. दुसऱ्यांदा मागून घेतलेलाही राहिला.

परतीच्या गाडीत आमच्याजवळ मोसरन्नाचा (दहीभाताचा) डबा होता आणि दोन लोण्याची फळं. सोलापूर गेल्यावर मी डबा उघडला आणि आधी समोरच्यांपुढे धरला. गाडी धावत होती आणि मी हिशेब लावू पाहत होते, की त्या घरात नेमकं व्रत केलं कुणी. मी भीतीपोटी अन्न सोडलं होतं आणि त्याला शास्त्र म्हणत होते. अक्कांनी सोडलं ते ओळखदेखही धड नसलेल्या एका बाईला एकटं वाटू नये म्हणून, आणि त्याला त्या काहीच म्हणत नव्हत्या.

पुण्यात गुहावाल्या काकांना मी हे सगळं सांगितलं. "काका, तुमच्या आदिमानवाच्या बायकोला दिवस गेले आणि तिला काही खावेना, तेव्हा शेजारच्या गुहेतली बाई काय करत असेल?"

काका गाजर चावता चावता थांबले. "आम्हाला हाडं सापडतात गं," ते म्हणाले. "बाकीचं सापडत नाही."

दुसरा महिना गेला, तिसरा गेला, मग सगळ्यांना सांगून झालं. जूनमध्ये मुलगी झाली. तिचं उष्टावण आम्ही बंगलोरला केलं. अण्णांनी तिला झबलं शिवलं होतं, त्याला गणवेशाची सोनेरी बटणं. अक्कांनी मऊ भात केला, तूप घातलं, बोटाने कालवून एक शीत तिच्या ओठांना लावलं. लेक तोंड वाकडं करून विचार करत बसली. दुपार टळत आली होती, बाहेर पंगती उठून गेल्या होत्या.

"अक्का, तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

"थांब की," त्या तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "तिला गिळू दे आधी."