प्रेम नगरच्या रिकाम्या घरातली मराठी

सध्या आम्ही रत्नागिरीत फ्लॅट बघतोय. लेकीची नोकरी तिथे, गाव झपाट्याने वाढतंय, जिकडे बघावं तिकडे नवीन बिल्डिंगचे खांब... आणि प्रत्येक साइटवर एजंट माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो. तो समुद्र दाखवायला गॅलरीत धावतो आणि मी आपली आतल्या खोलीत गप्प उभी. कान देऊन. परवा लेकीनेच विचारलं, "आई, तू नक्की ऐकतेस तरी काय?" तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे तुम्ही मला घाबरट समजणार नाही. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी साताऱ्याकडे शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की तोंडावर पाणी मारायला सगळ्यात पुढे मी. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला उलटे प्रश्न विचारून रडकुंडीला आणणारी. तर असल्या माणसाच्या बाबतीत हे घडलं...

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे हे फौजेत हवालदार, पोस्टिंग झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत. क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही झाशीत दतिया गेटजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. लेक चार महिन्यांची. पेन्शनीला दोन वर्षं उरलेली आणि यांना झाशी भलतीच आवडलेली. रिटायर झाल्यावर तिथेच एका ठिकाणी नोकरी मिळणार होती. गावाकडच्या जमिनीत तीन भाऊ, आमच्या वाट्याला काय येणार होतं ते दिसतच होतं. त्यामुळे स्वतःचं घर घ्यायचं तर झाशीतच, हे आमचं पक्कं ठरलेलं. मला तर घाईच झाली होती. लग्नाला नऊ वर्षं, सात बिऱ्हाडं! भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारायचं. अगदी विटले होते मी.

आता आमची एक खोड सांगायला हवी. तिकडे राहणाऱ्या बहुतेक मराठी लोकांना ती असतेच. दुकानदारासमोर आम्ही बिनधास्त मराठीत खलबतं करायचो. मानिक चौकात साडी घेताना मी हसतमुखाने यांना सांगायची, "अहो, जास्त सांगतोय मेला, उठायचं नाटक करा." हे लगेच उठायचे. दुकानदार बिचारा "अरे बैठिए ना भाईसाहब" करत खाली यायचा. आपलं बोलणं इथे कुणाला कळत नाही याची इतकी सवय झाली होती की आवाज कमी करायचंही भान राहिलं नव्हतं.

प्रेम नगरमधलं एक घर विकायला आहे असं कळलं. मालक मिश्राजी, साठीचे, गावाकडे राहायला गेलेले. वर्षभर घर बंद होतं. एप्रिल महिना, दुपारचे तीन वाजलेले. लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही दोघं गेलो. मिश्राजींनी आमच्यासमोरच बाहेरचं कुलूप काढलं. अंगण, त्यात हातपंप, मागे ओळीने तीन खोल्या. अंगणातून पहिल्या खोलीत, तिच्यातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. तिसरीला गजांची एक खिडकी आणि मागे गल्लीत उघडणारं दार, तेही बंद.

घर बघताक्षणी माझ्या मनात भरलं. मिश्राजी पंपावर आमच्यासाठी पाणी काढायला गेले आणि आम्ही मधल्या खोलीत उभे राहिलो. छताला एक जाड लोखंडी कडी होती. मी यांना म्हटलं, "चेहरा जरा पाडा हो, फार खूश दिसताय, भाव चढवेल तो." हे हसले. मी कडीकडे बोट दाखवून म्हणाले, "पाळणा इथेच बांधायचा. हवा पण छान येतेय."

"तिथं नको गं बाई. तिथं नको निजवू लेकराला."

तिसऱ्या खोलीतून. बाईचा आवाज, वयस्कर, घरातली मोठी बाई काम करता करता बोलते तसा. इतका साधा की मी सहज विचारून गेले, "का हो?"

"नको म्हटलं ना!"

यावेळी चिडून. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण कुणाशी बोलतोय... यांचा चेहरा आता न सांगता पडला होता. दोघांनीही ऐकलं होतं. हे दोन ढांगांत तिसऱ्या खोलीच्या दारात पोचले, मी त्यांच्या पाठीला चिकटून. खोली रिकामी होती. जमिनीवर वर्षभराची धूळ, धुळीवर एक पाऊल नाही. मागच्या दाराला आतून कडी आणि कडीला गंजकं कुलूप. खिडकीबाहेरची गल्ली उन्हात ओस पडलेली.

तेवढ्यात मिश्राजी पाण्याचे पेले घेऊन आले आणि दारातच थबकले. "भाभीजी, अंदर कौन है आपके साथ? कोई माताजी बोल रही थीं?"

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं! ते स्वतः तिसऱ्या खोलीत जाऊन कुलूप ओढून आले. यांनी विचारलं, इथे आधी कुणी मराठी कुटुंब राहायचं का? मिश्राजी म्हणाले, घर त्यांनीच बांधलं, त्याआधी इथे त्यांच्या वडिलांचं शेत होतं, भाडेकरू कधी ठेवलाच नाही. मग एकाएकी त्यांचा सूर बदलला. "आप लोग आपस में अपनी भाषा में क्या-क्या तय करते हैं, हम सब समझते हैं. घर में खोट निकालने का ये तरीका ठीक नहीं." आम्ही कुणा बाईला लपवून आणलंय, असं त्यांना वाटलं. त्यांची तरी काय चूक? आमची खोडच तशी होती.

घर सोडून दिलं. मी घरी येऊन रडले. भीतीने थोडी आणि हातचं घर गेलं म्हणून जास्त. महिनाभर मी डोकं चालवलं. शेजारचा रेडिओ? गल्लीतून जाणारी कुणी? पण ती माझ्या प्रश्नाला उत्तर देत होती हो!

जूनमध्ये लेकीला लस द्यायला दवाखान्यात गेले. रांगेत पुढे एक विशीतली मुलगी, कडेवर दोन-तीन महिन्यांचं बाळ. कुसुम तिचं नाव. गप्पा सुरू झाल्या, मी माझा पत्ता सांगितला, तिने तिचा. प्रेम नगरमध्ये नुकतंच घर घेतलंय, मिश्राजींचं...

घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आपण घेतलं नाही, विषय संपला. लोकांच्या संसारात नाक खुपसू नकोस." चार दिवस गप्प बसले. पण राहवेना. सावध करणारं बोलणं झालं होतं मराठीत, आणि बाळ निजत होतं अशा घरात जिथे मराठी कुणालाच कळत नाही. पाचव्या दिवशी दुपारी गेले. मधल्या खोलीत त्याच कडीला झोळी बांधलेली आणि त्यात तिची मुलगी झोपलेली.

खरं कसं सांगायचं? मी चक्क थाप मारली. म्हटलं, आमच्या महाराष्ट्रात मधल्या खोलीत झोळी बांधत नाहीत, अशुभ मानतात. विज्ञानाची बाई मी, आणि उभ्या उभ्या रिवाज तयार केला! कुसुमची सासू धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अपने रिवाज अपने घरे रखो, बिन्नू." तिकडे पोरीबाळींना बिन्नू म्हणतात. मग मात्र माझा धीर सुटला आणि मी घडलं ते सगळं सांगून टाकलं. सासू हसली. कुसुम हसली नाही. ती उठली, झोळीतून मुलीला उचललं आणि अंगणातल्या ओसरीवर खाटेवर नेऊन निजवलं.

ऑगस्टमध्ये पावसाने आठ दिवस ठाण मांडलं होतं. एका दुपारी मधल्या खोलीची जमीन खचली. कडीच्या बरोबर खालची. शेतातली जुनी विहीर राडारोडा टाकून बुजवलेली आणि त्यावर फरशी घातलेली. दोन पुरुष खोल खड्डा, त्यात कडीसकट छताचा तुकडाही गेला. माणसं सगळी ओसरीवर होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी कुसुम पेढे घेऊन आमच्याकडे आली. माझ्या पाया पडली. "दीदी, हमाई मोड़ी आपई ने बचाई." मोड़ी म्हणजे मुलगी. दोघी रडलो. चहा झाला. जायला उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"दीदी, एक बात और हती. वे अबै भी बोलत हैं."

मी म्हटलं, कोण?

"बेई. रोज दुफरिया में. पैलें धीरें बोलत तीं, अब रोउत जात हैं और बोलत जात हैं. हमें कछू समझ में नईं आउत. आप चल कें सुन लो, का कै रई हैं."

तीच बाई, रोज दुपारी, आता रडत रडत! म्हणजे कुसुमने आधीही ऐकलं होतं. म्हणूनच ती त्या दिवशी हसली नव्हती. घर सोडून जायची त्यांची ऐपत नव्हती, उरलेल्या दोन खोल्यांत सगळे राहत होते. मी तिला म्हटलं, "उद्या येते."

गेले नाही. उद्याचं परवा केलं. लेकीला ताप आहे म्हणून कळवलं, तापबिप काही नव्हता. मला भीती वाटत होती. पहिल्या वेळी ती बाई माझ्याशी बोलली होती, लेकराबद्दल बोलली होती. आता रडत काय सांगत असेल, कुणाबद्दल सांगत असेल... ते एकदा ऐकलं की विसरता येणार नव्हतं. त्याच आठवड्यात यांची बदली आली. झाशीत राहण्याचा सगळा बेत मोडला आणि मला, लाज वाटते लिहायला, सुटल्यासारखं वाटलं.

आम्ही निघेपर्यंत कुसुम आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा मी शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं, घरी नाही म्हणा. दुसऱ्या वेळी ती बराच वेळ दाराशी उभी होती. "दीदी... ओ दीदी..." आत मी लेकीच्या तोंडावर हात ठेवून बसले होते, ती रडू नये म्हणून.

पुढे कुसुमचं काय झालं, ती मुलगी कशी आहे, मला माहीत नाही. पत्र टाकायचं धाडस झालं नाही. ती बाई कोण, मराठी बोलत शेतातल्या घरात कुठून आली, याचं उत्तर माझ्याकडे नाही, यांच्याकडे नव्हतं आणि मिश्राजींकडेही नव्हतं. कुणी विचारेल, तो आवाज अजून आठवतो का? आठवतो. पण झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. कुसुमच्या ओळखीत मराठी कळणारी मी एकटी होते, आणि मी दार उघडलं नाही.